कावेरीचे धडे, अमरसिंहचा सन्मान

शिरूर कासारला सिद्धारामअप्पांचं किराणा दुकान आहे. कावेरी त्यांची एकुलती मुलगी. मी तिच्या कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे अकरावी-बारावीची दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की सोडायची नाही.

तिनं मनावर घेतलेली गोष्ट म्हणजे फोनवरची शाळा. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. पोरंही आईबापाबरोबर जातात, आणि चार-पाच महिने त्यांची शाळा बुडते. कावेरीची लहानपणची मैत्रीण संगीता अशीच दरवर्षी जायची. नववीच्या वर्षी ती फडावरून परत आली, ती लग्न ठरूनच. पुढच्या हंगामात कावेरीनं संगीताच्या धाकट्या भावंडांसाठी एक धडा फोनवर बोलून पाठवला. त्यांची आई साखराबाई हिनं तो शेजारच्या झोपड्यांतल्या पोरांनाही ऐकवला. कावेरी बारावीला आली तोवर सदतीस पोरं रोज संध्याकाळी तिचा आवाज ऐकत होती.

शिकवायची तिची रीत साधी होती. "आमच्या दुकानात पाव किलो साखर मागाय कुनी आलं, तर आमचे अप्पा तागडीत कोन्तं माप टाकतेत, सांगा बरं?" असं म्हणून ती अपूर्णांक शिकवायची. पोरं आपली उत्तरं फोनवर बोलून पाठवायची. कुणाला काय आलं, काय अडलं, हे ती एका वहीत लिहून ठेवायची.

देशभरातल्या बारावीच्या गुणवंत मुलांसाठी एक राष्ट्रीय सन्मान असतो. जिल्ह्यातून एकच नाव निवडतात. नुसते मार्क चालत नाहीत, हातून काही काम झालेलं लागतं, आणि अर्ज कॉलेजनंच पाठवायचा असतो. त्याची माहिती कावेरीला सोमेश्वर सरांनी दिली. गणित शिकवायचे. आठ वर्षं विनाअनुदानित जागेवर, तुटपुंज्या पगारावर राबत होते. कावेरीच्या घरी त्यांचं येणंजाणं होतं, अप्पांना ते घरच्यासारखे.

दिवाळीनंतर ते कावेरीच्या घरी गेले. शिवकांताबाईंनी, कावेरीच्या आईनं, पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर सर म्हणाले, "पोरी, वही दे. रेकॉर्डिंगं दे. फोटो दे. अर्ज मी सोता भरतो." कावेरीनं वहीला नवं कव्हर घालून ती त्यांच्या हातात दिली.

फेब्रुवारीत, परीक्षेला अकरा दिवस उरले असताना निकाल लागला. जिल्ह्यातून आमच्याच कॉलेजचं नाव आलं होतं. पण विद्यार्थ्याचं नाव होतं अमरसिंह, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांचा मुलगा. काम: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी फोनवरची शाळा.

कावेरी ग्रंथालयात आली आणि माझ्या टेबलाजवळ उभी राहून तिनं फोनवर निकालासोबत आलेली त्याची ध्वनिफीत लावली. अमरसिंहचा आवाज खणखणीत होता. "आमच्या दुकानात पाव किलो साखर मागाय कुनी आलं, तर आमचे अप्पा तागडीत कोन्तं माप टाकतेत..."

"मॅडम," ती म्हणाली, "ह्याच्या घरी कुठं हाय दुकान?"

ती तशीच शिक्षकांच्या खोलीत गेली. मीही मागून गेले. सोमेश्वर सर एकटेच होते.

"सर, माझं नाव कावून न्हाई?"

सरांनी आधी दार लोटून घेतलं. "कावेरी, तुझं काम वाया गेलं न्हाई. पार दिल्लीला पोचलं. तुला पुढं लई संधी येतील. माझं वय निघून चाललंय. अध्यक्षसाहेब म्हनले, अनुदानाच्या यादीत पैलं नाव तुमचं."

"कधी ठरलं हे?"

"ते आता कशाला?"

"सांगा ना, सर. कधी?"

"दिवाळीच्या आधी," सर हळूच म्हणाले.

"म्हंजी आमच्यात जेवलात, तवा तुमाला ठावं होतं."

सर खिडकीकडे वळले. नाव गेलं याचं दुःख एक वेळ तिनं गिळलं असतं. पण त्या दिवशी आईनं आग्रहानं वाढलेली पोळी आणि कव्हर घालून दिलेली वही, हे तिला गिळवेना.

तिनं एकटीनं बसून दिल्लीला तक्रार केली. तिकडून उत्तर आलं की तक्रार संबंधित संस्थेकडे अभिप्रायासाठी पाठवली आहे. म्हणजे ती फिरून मोहनरावांच्याच टेबलावर आली. सोमेश्वर सरांनी खुलासा लिहिला. त्याला जोडायला माझ्याकडून एक दाखला घेतला: अमरसिंह ग्रंथालयातून दोन वर्षं प्राथमिकची पुस्तकं नेत असे. त्यानं कधी एकही पुस्तक नेलं नव्हतं. हे मला ठाऊक असून मी सही केली. माझ्याही घरात पोटं होती, वगैरे वगैरे. आता ते सांगण्यात अर्थ नाही.

तक्रार बंद झाली.

अभिनंदनाचे फलक लागले. सगळ्यांत मोठा बाजारपेठेत, सिद्धारामअप्पांच्या दुकानासमोर रस्त्यावर आडवा. त्याची एक दोरी अप्पांच्याच शटरच्या कडीला बांधलेली. बांधायला आलेल्या पोरांनी विचारलं होतं आणि अप्पांनी मान हलवली होती. सकाळी कावेरी दारात येऊन बघतच राहिली.

"अप्पा, तुमी हो म्हनलात?"

"बाजारात बसायचं हाय, पोरी. त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं भागंल?"

घर दुकानाच्या मागंच, शिवकांताबाई आतून हे ऐकत होत्या. त्यांनी स्टूल आणलं, त्यावर चढल्या आणि भर बाजारात, लोक बघत असताना, ती गाठ सोडून टाकली. फलक एका बाजूनं खाली आला आणि दुसऱ्या खांबाला लोंबकळत राहिला. अप्पा गल्ल्यावर खाली मान घालून बसले होते. पुढं कितीतरी दिवस मायलेकी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

होळीच्या सुमाराला टोळ्या परतल्या. साखराबाई पोरांना घेऊन कावेरीकडे आली. उंबऱ्यातच बसली, आत येईना.

"निकालाच्या आदी मला दिल्लीच्या बाईचा फोन आलता," ती म्हणाली. "हिंदीत इचारलं, पोरांना कोन शिकवतं? टोळीचा मुकादम म्होरंच हुबा, त्यो मोहनरावांचा मानूस. आदीच सांगितलं होतं त्यानं, अमरसिंहचं नाव घे, न्हाईतर पुढल्या साली टोळीत जागा न्हाई. म्या घेतलं, बाई. तुझ्या जिवावर पोरं वाचाय लागली, अन् म्या दुसऱ्याचं नाव घेतलं."

तिची धाकटी पोर मध्येच म्हणाली, "ताई, धडे कावून बंद केले?"

निकालाच्या दिवसापासून कावेरीनं एकही धडा पाठवला नव्हता. तिनं पोरीला जवळ घेतलं, पण साखराबाईला 'असू दे' म्हणाली नाही. शिवकांताबाईंनी चहा ठेवला, तो साखराबाईनं उंबऱ्यात बसूनच घेतला.

बारावीत कावेरी कॉलेजात तिसरी आली. पहिली यायची खात्री सगळ्यांनाच होती. दाखला काढायला ती आली, तेव्हा पुस्तकं जमा केल्याची सही मला करायची होती. त्या दिवशी मी मन घट्ट केलं.

"कावेरी, मला तुला एक सांगायचंय."

"माहीत हाय, मॅडम. खुलाशाची प्रत मला आलती. तुमची सही वळखते मी. दोन वर्सं पुस्तकाच्या कार्डावर बघतेय."

तिचा आवाज चढला नाही. मी सही केलेला कागद तिनं घडी करून पिशवीत ठेवला आणि नेहमीसारखी खुर्ची आत सरकवून गेली.

आता ती अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमेश्वर सरांचं नाव अनुदानाच्या यादीत अजून लागलेलं नाही. मोहनराव त्यांना दर वर्षी पुढच्या यादीचं सांगतात. अमरसिंह पुण्याला असतो. गेल्या हंगामापासून कावेरीनं धडे परत सुरू केलेत, असं साखराबाईकडून कळलं. पण फक्त पोरांसाठी. फोटो नाही, नोंद नाही. कुणी कौतुकानं विचारपूस करायला फोन केला, तर ती नंबर चुकला म्हणून ठेवून देते. मीही एकदा करून पाहिला होता.