आप्पांची भलरी आणि न थांबलेला टेप

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भिंगारला मिलिटरीच्या वर्कशॉपात सिव्हिलियन म्हणून वायरलेस सेट दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली. डबा खाताना कुणी पिंपळाखालच्या बाईचा विषय काढला की मी म्हणायचो, "तिचं सर्किट काढून दाखव, मग बोल." लोक मला खडूस म्हणायचे. म्हणू देत.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझे वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — कोल्हारला शेती बघायचे. त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. माझ्या मनाने मात्र एकच घेतलं... हा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही, तो कुठेतरी धरून ठेवायला हवा.

आणि आप्पांचा आवाज म्हणजे त्यांची भलरी. ज्वारी सोंगताना विळ्याच्या तालावर म्हणायचं गाणं. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने मागून झील धरायची, म्हणजे पालुपद म्हणायचं. ओळ म्हणणाऱ्याने झील म्हणायची नाही, तेवढ्यात त्याने दम घ्यायचा, अशी रीत. आमच्याकडे ओळ आप्पांची आणि झील त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे भागाकाकाची. एका वर्षी सोंगणीतच काकाला पान लागलं... साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही बिचारा. त्यानंतर आप्पांनी भलरी म्हटली नाही ती नाहीच.

रेकॉर्डर घ्यायला नगरच्या कापड बाजाराजवळ एका दुकानात गेलो आणि दुकानदाराचं डोकं खाल्लं. एक मोठा होता, खांद्याला अडकवायचा, माईक वेगळा. आवाज खणखणीत. पण तो समोर ठेवला असता तर आप्पा फोटोला बसल्यासारखे ताठ झाले असते. दुसरा तळहातात मावणारा, साध्या कॅसेटचा. त्याला एक बटण होतं — आवाज आला की टेप आपोआप फिरणार आणि लाल दिवा लागणार, आवाज थांबला की दोन्ही बंद. आप्पांना चार ओळींत धाप लागायची. दर वेळी खटखट करण्यापेक्षा हे बरं, म्हणून तोच घेतला. घरी आल्यावर त्याची एक खोड कळली. थांबून परत सुरू होताना तो पहिलं अक्षर गिळायचा. म्हटलं, चालवून घेऊ.

आप्पा मात्र अडून बसले. "मशीनम्होरं म्या न्हाई म्हननार. आन् झील कोन धरील? भागा हाय का आता?"

"मी धरतो की."

"तुला न्हाई जमायचं." मग ज्वारीचं एक कणीस हातात चुरडलं. "मी म्हनतो. पर तू मधी तोंड उघडायचं न्हाई."

सकाळची वेळ. सोंगणीच्या बायका पार पलीकडच्या तुकड्यात होत्या. आम्ही दोघंच बांधावर. मशीनची संवेदनशीलता मी मुद्दाम कमी ठेवली होती, म्हणजे पाखरांनी किंवा पानांच्या सळसळीने दिवा लागू नये. नीट तपासलं होतं. माझा आवाज पोचला की लागायचा, एरवी नाही.

आप्पांनी ओळ म्हटली. आवाज घोगरा, फाटलेला, पण सूर जिथल्या तिथे. ओळ संपली आणि ते थांबले, झील येते तेवढी जागा सोडून. मग पुढची ओळ. मी दिव्याकडे बघत होतो. मधल्या जागेत दिवा विझलाच नाही. वारा असेल, म्हटलं. थोड्या वेळाने आप्पा थकले, पाणी प्यायले, डोळे मिटून गप्प बसले. दिवा विझला. पानं तशीच सळसळत होती. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा तेच. आप्पा दमून थांबले की टेप थांबायचा, झिलेसाठी थांबले की चालूच राहायचा.

अंगावर काटा आला वगैरे म्हणणार नाही. मला राग आला. एवढं पारखून घेतलं आणि बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं म्हणून.

भिंगारला येऊन हेडफोन लावून ऐकलं. विश्रांतीनंतरच्या ओळींचं पहिलं अक्षर गिळलेलं होतं. झिलेच्या जागेनंतरची ओळ मात्र प्रत्येक वेळी अख्खी. म्हणजे टेप तिथे खरंच थांबला नव्हता. आणि त्या जागेत काय? नुसती सळसळ. मशीन उघडून तपासलं, काही दोष नाही. वर्कशॉपातल्या एका मित्राला त्याच बांधावर नेऊन तशाच जागा सोडत गायला लावलं. प्रत्येक जागेत दिवा गपकन विझला. मग मी तो विषय सोडून दिला... म्हणजे तसं ठरवलं.

ऑपरेशन झालं. आप्पा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. सगळं बोलणं खुणांचं. जरा बरं वाटायला लागल्यावर एका सकाळी मी टेप लावला. दिव्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

स्वतःचा आवाज ते परक्याचा ऐकावा तसा ऐकत होते. पहिली ओळ संपली, मधली जागा आली, आणि आप्पांची मान डोलायला लागली. तालात. हात विळा धरल्यासारखा हलत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुढची ओळ सुरू झाली की ते स्वस्थ व्हायचे, जागा आली की पुन्हा तसंच. कॅसेट संपेपर्यंत.

मग त्यांनी कानाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ऐकलंस ना?

मी मान हलवली. नाही.

आप्पांचा चेहरा पडला. आवाज त्यांचा गेला होता आणि कीव माझी येत होती त्यांना. त्यांनी मला जवळ ओढलं, लहानपणी ताप आला की ठेवायचे तसा कपाळावर हात ठेवला, आणि टेप पुन्हा लाव म्हणून खूण केली. त्यांना वाटलं असावं, नीट ऐकलं तर येईल मला ऐकू.

आता आप्पाही नाहीत. कुणी म्हणेल बटणाचा दोष, कुणी म्हणेल म्हातारा आठवणीत रमला. हे सगळं मी स्वतःलाच सांगून झालंय. टेप का थांबला नाही ते मात्र मला आजही सांगता येत नाही, आणि धंदा माझा तोच.

भागाकाका मला खांद्यावर बसवून रानात न्यायचा हो. मलाही ऐकायचा होता त्याचा आवाज. अजून लावतो मी ती कॅसेट, त्या जागांना श्वाससुद्धा धरून बसतो. सळसळच येते.