मोहरीचं एकच पाणी

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून नोएडाला आलो. आमचं सेक्टर इतकं नवं होतं की मागच्या बाल्कनीखालीच शेत सुरू व्हायचं. माझी पुण्यातली नोकरी सुटली होती, इथली मिळायची होती. दुपारी मी त्या शेताकडे बघत बसायचे.

ते शेत साठीच्या एका विधवा बाईंचं होतं. मी त्यांना ताई म्हणायचे. आमच्याकडे ताई म्हणजे मोठी बहीण, त्यांच्याकडे मोठी काकू. दोघींनाही चाललं.

त्यांनी मोहरी पेरली होती. आजूबाजूच्या इमारतींसाठी बोअर खणले गेल्यापासून त्यांच्या ट्यूबवेलचं पाणी खोल गेलं होतं. पूर्वी मोहरीला पाण्याच्या दोन पाळ्या मिळायच्या. यंदा जेमतेम एक मिळाली असती. शेजारच्या शेतात त्यांच्या धाकट्या दिराने रोपं वीतभर होताच पाणी देऊन टाकलं. आठवड्यात त्याची पानं हिरवीगार, तळव्याएवढी झाली. ताईंची मोहरी मात्र भर दुपारी मान टाकून उभी असायची.

मला राहवेना. खाली जाऊन विचारलं, "ताई, पाणी कधी देणार? सुकतेय ती."

"अभी नहीं, बेटी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बघ."

संध्याकाळी बाल्कनीतून पाहिलं, तर सगळी पानं पुन्हा ताठ. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं. दुपारी पान वाकतं ते उन्हाने. संध्याकाळी उठलं, तर मुळांना खाली ओल मिळतेय. आत्ता पाणी दिलं तर नुसती पानं माजतील. "मला पानं नकोत, फुलं धरायला हवीत. पाणी एकदाच आहे."

मग मला नादच लागला. रोज दुपारी आणि दिवे लागायच्या आधी मी पाहायचे. डिसेंबर लागला. एका संध्याकाळी पानं उठलीच नाहीत. मी चपला अडकवून धावत खाली गेले. ताई आधीच वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी एका रोपाच्या शेंड्याची पानं दोन बोटांनी बाजूला केली. आत मोहरीच्याच दाण्यांएवढ्या हिरव्या कळ्यांचा दाट घोस होता. वरून कुणाला दिसलाही नसता.

"कल सुबह," त्या म्हणाल्या.

सकाळी पंप सुरू झाला. साडीचा पदर खोचून मीही फावडं घेतलं. त्या पाण्याचा दांड फोडायच्या, वाफा भिजला की मी माती ओढून तो बंद करायचे. दुपारपर्यंत पाणी पुरलं. शेवटच्या वाफ्याशी पोचलो आणि पाइप गुळगुळ आवाज करून नुसती हवा फेकू लागला. तो वाफा कोरडाच राहिला. ताई त्याच्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग पंप बंद करायला गेल्या.

जानेवारीत धुकं सरलं त्या सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि मी तिथेच थांबले. बांधापासून बांधापर्यंत पिवळं. छातीएवढी उंच मोहरी, आणि मधमाश्यांचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होता. नवऱ्याला हाक मारली. ऑफिसची बॅग हातात घेऊन तो बाहेर आला आणि त्याची बस चुकली. दिराच्या शेतात फुलं विरळ होती. फुलायच्या वेळी त्याच्याकडे पाणी उरलंच नव्हतं.

मार्चमध्ये कापणीला ताईंनी मला बोलावलं. त्यांनी एक शेंग तळहातावर फोडली. टपोरे काळसर दाणे घरंगळले. मग त्या मला कोरड्या वाफ्याशी घेऊन गेल्या. तिथली रोपं गुडघ्याएवढीच होती, शेंगा मोजक्या. तिथली एक फोडली. दाणे थोडे, पण पुरते भरलेले.

"हिला मी काहीच दिलं नाही," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. चाळीस वर्षं शेती केलेल्या त्या बाई दाणे बोटाने फिरवत राहिल्या. "दवावर जगली असेल."

आम्ही दोघी तशाच वाकून बघत उभ्या होतो.