आत्याचा गोळा, बाबांचा हुक

आमच्या आत्याचं खरं नाव शाळेत कुणाच्या तोंडी नव्हतं. मुलींच्या लेखी ती गोळाबाई. अंगाने काडीपैलवान, पण आवाज तीन वर्गांना पुरेल असा.

ऊर्जेचा धडा आला की ती प्रयोगशाळेत छताच्या हुकाला दोर बांधून लोखंडी गोळा लटकवायची. मग भिंतीला डोकं टेकून उभी राहायची, गोळा ओढून नाकाच्या शेंड्याला लावायची आणि अलगद सोडायची. गोळा पार समोर जायचा आणि तिथून थेट तिच्या तोंडावर चालून यायचा. मुली किंचाळायच्या. आत्याची पापणीसुद्धा लवायची नाही. नाकाच्या जरा अलीकडेच थबकून गोळा मागे फिरायचा.

"सोडायचं, ढकलायचं नाही," ती सांगायची. "निघाला त्या उंचीच्या वर तो जाईलच कसा? जास्तीची ऊर्जा आणणार कुठून? उलट थोडी हवेत जाते, थोडी त्या दोराच्या करकरीत. आवाज काय फुकट होतो होय गं?"

मीही त्याच वर्गात होते. जणू हा नियम आमच्या घरचाच, अशा ऐटीत बसायचे.

बाबा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सुतार. छताच्या तुळईत हुक त्यांनीच बसवलेला. दर वर्षी त्या दिवशी ते शिडी घेऊन हजर व्हायचे, हुक हलवून बघायचे आणि मग दोर धरून, पाय दुमडून स्वतःच लोंबकळायचे.

"दादा, गोळा अगदी खाली येतो ना, तेव्हा हुकावर ओढ सगळ्यात जास्त असते. नुसत्या वजनापेक्षा जास्त," आत्या म्हणायची.

"म्हणून तर माकड झालोय, शहाणे!"

पण प्रयोग सुरू झाला की ते दाराबाहेर जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे. एवढा दांडगा माणूस, आणि बहिणीचं नाक बघायला घाबरतो! आम्ही पोट धरून हसायचो. शेवटी आत्याच हाक मारायची, "दादा, ये आत. नाक आहे जागेवर!" मग ते ओशाळं हसत आत यायचे. ते हसू मला अजून दिसतं.

बाबा गेले. त्याच वर्षी शाळेचं जुनं छप्पर उतरवलं. नवं छप्पर आलं, नवी तुळई आली आणि कंत्राटदाराच्या माणसाने बसवलेला नवा हुक आला. आत्याने नेहमीसारखा गोळा सोडला, पण तो परत येताना ती पटकन बाजूला झाली. मुली हसल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता वय झालं तुमचं. पुढच्या वेळी फळ्यावर चित्र काढून दाखवा." तिच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं.

संध्याकाळी ती आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात आली आणि घडलं ते सांगितलं. बाबांची हत्यारं आता मी चालवत होते.

"काय गं, नियम बदलला की काय?" मी चिडवलं.

ती हसली नाही. बाबांच्या रंध्यावरून हात फिरवत म्हणाली, "नियमाची भीती मला कधीच नव्हती. वर बघितलं आणि वाटलं, हा हुक कुणी बसवलाय तेच मला माहीत नाही." मग रंधा माझ्याकडे सरकवत, "पुढच्या वर्षी तू बसव."

रोज दारं-खिडक्या बसवते मी, पण त्यांच्या भरवशावर कुणी नाक पुढे करत नाही.

वर्षभराने तो दिवस आला, तेव्हा हुक बाबांचाच घेतला. जुनं छप्पर उतरवलं तेव्हाच मी तो मागून आणला होता. तो नव्या तुळईत घट्ट बसवला, दोर धरून पाय दुमडले आणि लोंबकळले. मुली खिदळल्या. मोठ्या बाई दारातच उभ्या. आत्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, गोळा नाकाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "सोडू?"

मी मान डोलावली. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझे पाय मला दाराबाहेर घेऊन गेले. मी पाठ फिरवून उभी राहिले. दोराची करकर लांब गेली, क्षणभर थांबली आणि परत जवळ येऊ लागली. मी डोळे घट्ट मिटले. मुली किंचाळल्या. मग सगळं शांत.

आणि तीन वर्गांना ऐकू जाईल अशी हाक आली,

"दादा, ये आत. नाक आहे जागेवर!"

मी डोळे पुसले आणि आत गेले.