प्रेमाने बोल

हिंजवडीत मी एआयच्या यंत्रासाठी सूचना लिहिण्याचं काम करतो. काय सांगितलं म्हणजे ते नीट उत्तर देईल, हे आधी लिहायचं, मग आलेलं उत्तर तपासून गुण द्यायचे. या सूचनेला आम्ही प्रॉम्प्ट म्हणतो. ऑफिसात मी हुशार समजला जातो. घरच्यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

आई गेल्यावर बाबा शनिवार पेठेत एकटेच राहायचे. मी कामात असेन म्हणून फोन करत नसत, मेसेज करायचे. जेवलास का, आज पाणी आलं नाही, गोळी घेतली. मीटिंगमध्ये फोन थरथरला की माझं डोकं सणकायचं. शेवटी बाबांना उत्तरं देण्याचं काम मी यंत्रावरच सोपवलं.

'तू त्यांचा मुलगा आहेस. प्रेमाने बोल. दोन ओळींच्या वर नको.' पहिली उत्तरं इतकी गोड आली की बाबांना लगेच संशय आला असता. मग माझे जुने मेसेज नमुन्याला जोडले, 'जरा घाईत असल्यासारखं लिही' असंही सांगितलं. वीस प्रश्न काढून चाचणी घेतली. जेवण, औषधं, क्रिकेट, सगळ्यांत पैकीच्या पैकी. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

तीन महिन्यांनी बाबा दुपारच्या झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर त्यांच्या घरी बसून मी ते मेसेज पहिल्यांदा वाचले. दर शनिवारी एकच प्रश्न होता, 'उद्या येतोस का?' खाली माझ्या नावाने उत्तर, 'बघतो बाबा. या रविवारी नक्की येतो.'

'बघतो' माझंच होतं. 'नक्की येतो' मात्र त्या 'प्रेमाने बोल'मधून आलं होतं. त्यांनी बोलावलं तर मला कळव, एवढी एक ओळ मी लिहिली नव्हती. माझ्या वीस प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता. ते बोलावतायत हे कळलं असतं, तर चारदा टाळून पाचव्यांदा तरी मी गेलो असतो, असं वाटतं. खात्री नाही. बाबांच्या खुर्चीत बसून मी खूप रडलो.

संध्याकाळी शेजारच्या काकू बाबांची स्टीलची वाटी परत द्यायला आल्या.

"दर रविवारी श्रीखंड आणायचे तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "सोमवारी आम्हाला मिळायचं."

"काकू, मला माहीत नव्हतं."

"कसं नव्हतं? तूच येतो म्हणायचास ना? मेसेज दाखवायचे आम्हाला. म्हणायचे, बघा, हल्ली किती प्रेमाने लिहितो."