डी ड्राइव्हमधले दाजी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं सांगण्यासारखं आहे तरी काय — एका कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायची होती, एवढंच. मग दाजींच्या फोटोसमोर मी नजर का चुकवतो?

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, रेणापूरला मास्तर. लॉकडाउनात ते पोरांसाठी धडे वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे. पुढं ते गेले, आवाज तेवढा राहिला. अक्का भाकरी थापताना तो लावून ठेवायची.

भाचीला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तिला लिनक्स हवं होतं. मी लातूरहून मोठ्या ऐटीत गेलो. घरात यातलं कळणारा मीच ना! ई ड्राइव्ह रिकामाच आहे, तिथं बसवू, म्हणालो. भाची म्हणाली, "मामा, डीमध्ये पप्पा हायत. आधी पेनड्राइव्हवर घेऊ का?"

मी हसलो. कॉपी व्हायला वेळ लागणार, आणि मला बस गाठायची होती.

लिनक्स टाकताना सी, डी, ई दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. डी आणि ई एकाच मापाचे. मी — थांबून बघितलं नाही, अंदाजानं एक निवडून पुसला. बघता आलं असतं का? आलं असतं.

पुन्हा विंडोज उघडलं तर ई तसाच रिकामा, आणि डी गायब. पण चूक कुणाच्याही हातून होते; माझं खरं पाप पुढचं आहे. अक्का चहा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, "तू कॉम्प्युटर आधी बंद न करता थेट बोर्डावरचं बटण बंद करतीस न्हवं, त्यानंच डिस्कचा तेवढा भाग गेला."

ती रडली नाही. "म्हणजे माझ्याच हातानं गेले," एवढंच म्हणाली. एखाद्या जाणकाराकडे डिस्क नेली असती, तर थोडंफार परत मिळालंही असतं. पण मग खरं बोलावं लागलं असतं.

भाचीला आता यातलं सगळं कळतं. ती काही विचारत नाही. माझा कॉम्प्युटर सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारतो, तेव्हा धडा सुरू करण्याआधी दाजी खाकरायचे, ते मला ऐकू येतं. दरवेळी.

परवा अक्काकडे गेलो होतो. कॉम्प्युटर बंद करून ती त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. आतला पंखा थांबला, तेव्हाच तिनं बोर्डावरचं बटण दाबलं.

"आता न्हाई चुकत मी," म्हणाली.

मी म्हणालो, "बरोबर करतीस."