अण्णांचा डबा मी उन्हात वाळवला

माझ्या वडिलांचं निधन दोनदा झालं. पहिल्यांदा हृदयविकाराने, दुसऱ्यांदा माझ्या हातून.

पहिल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अण्णा खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले आणि शब्दकोडं अर्धं राहिलं. दुसरं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात माझं कर्तृत्व आहे.

अण्णांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत नाचणे भागात घर बांधलं, आणि अंगातली वीज काही जाईना म्हणून त्यांनी एक डबा तयार केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत सर्किट, मधोमध एक चीप. आताच्या चिपा नखावर मावतात, ही चांगली बोटभर लांब होती आणि दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. त्या चिपेत अण्णांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून भरला होता. डब्याचं काम एकच. रोज तिन्हीसांजेला दिवेलागणीच्या श्लोकाची चाल पीं पीं करून वाजवायची. ती वाजली की आई उठायची आणि देवापुढे दिवा लावायची.

आता त्या चालीत एक सूर चुकला होता. तिसऱ्या ओळीत चाल वर जाते, तिथे डबा खाली घसरायचा. आई भजनी मंडळात पेटी वाजवणारी! तो सूर म्हणजे तिला भातात खडा लागल्यासारखा. पहिल्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली होती.

"अहो, चुकलात!"

"चिपेत बसलंय ते आता. निघत नाही," अण्णा म्हणाले. (निघत होतं. कंटाळा केला माणसाने.)

"म्हणजे मी जन्मभर हे ऐकायचं?"

"जन्मभर नाही गो. मी आहे तोवर."

हे खोटं ठरलं. अण्णा गेले आणि डबा वाजतच राहिला. तेराव्याच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, जो तो जमिनीकडे बघत बसलेला, आणि डबा सुरू झाला. तिसरी ओळ आली, घसरली, आणि कोपऱ्यातून आई सवयीने ओरडली, "परत चुकलात!" मग आई रडली. त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. डबा चुकायचा, आई ओरडायची, दिवा लागायचा. नवराबायकोत एवढंच बोलणं उरलं होतं. (अण्णा हयात असताना याहून फार जास्त होतं असंही नाही.) पण दिवसभर मलूल असलेली आई तेवढ्या वाक्यापुरती खणखणीत असायची.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मे महिना होता. फडताळाच्या वरच्या फळीवर खारातल्या कैऱ्यांची बरणी होती आणि खालच्या फळीवर अण्णांचा बिनझाकणाचा डबा. मी स्टुलावर चढलो.

"अहो, तुम्ही नका चढू. मी काढते," माझी बायको मंजिरी म्हणाली.

"मला येतं!"

हे माझं ठरलेलं वाक्य आहे. यानंतर आमच्या घरात काही ना काही फुटतंच. बरणी कलंडली, बरणीभर खार डब्यात गेला, आणि डब्यातून नुसता "पीं... गुळ्ळ" असा आवाज आला.

मी शाळेत भूगोल शिकवतो. मिठाने गंज चढतो एवढं मला कळतं. म्हणून मी सर्किट काढलं आणि नळाखाली स्वच्छ धुतलं. (या प्रकरणात मी केलेली ही एकमेव योग्य गोष्ट.) मग प्रश्न आला वाळवायचं कुठे. पण कोकणातल्या घराला मे महिन्यात हा प्रश्न पडतच नाही! गच्चीवर आंबापोळी होती, फणसाची साटं होती, कोकमं होती. त्याच रांगेत अण्णांचं सर्किट बसलं.

चिपेच्या पाठीवर एक काळी चिकटपट्टी होती. मी ती सोलली. खाली काचेची इवलीशी गोल खिडकी निघाली आणि आत काहीतरी चमचमत होतं.

"पट्टी कशाला काढतोस मेल्या? ह्यांनी लावलीय ना ती?" आई म्हणाली.

"आई, खाली पाणी अडकतं. आत जरा ऊन जाऊ दे!"

आणि मी ऊन जाऊ दिलं. आठवडाभर! कावळे हाकलले. आंबापोळी उलटताना सर्किटही सरकवलं. सूर्य कलेल तसतसं ते विटकरीच्या तुकड्यावर कलतं केलं, म्हणजे किरण कसे थेट खिडकीतून आत जातील. सूर्य हा माझा विषयच आहे. बाजूची साटं कुरकुरीत झाली तेव्हा मी सर्किट खाली आणलं, जोडलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. संध्याकाळी आई पदर खोचून तयार होऊन बसली.

डबा वाजलाच नाही.

मी चिपळूणला शिर्केकाकांना फोन लावला. काका अण्णांचे पोफळीचे सहकारी. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दुसऱ्याला विसरू न देणारा.

"काका, अण्णांचा डबा वाजत नाही."

"काय केलंस?"

"खार सांडला. मग धुतला."

"बरं."

"मग वाळवला."

"बरं. चिपेवरची काळी पट्टी आहे ना जागेवर?"

"ती काढली. आतून नीट वाळावी म्हणून."

फोनवर काकांची खुर्ची करकरली.

"विन्या, कुठे वाळवलीस?"

"उन्हात. आठवडाभर. खिडकी सूर्याकडे करून."

"अरे गाढवा! ती खिडकी चीप पुसण्यासाठी असते! तीव्र किरण आत गेले की लिहिलेलं सगळं जातं. म्हणून तर पट्टी असते. नुसता कोपऱ्यात फेकला असतास तर वाचला असता रे तो. तू त्याची सेवा केलीस!"

"सगळं पुसलं?"

"कोरी पाटी. मूळ प्रोग्रॅम कुठे आहे?"

"माळ्यावर फ्लॉप्या होत्या. बुरशी आलीय."

"मग दुसऱ्यांदा तेरावं घाल," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं आई भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. मग भिंतीवरच्या घड्याळात बघून दिवा लावू लागली, मुकाट्याने. पंधरवड्यात तिचं जेवण निम्म्यावर आलं. भात चिवडायची आणि उठायची. भजनाला जाईना. पेटीवर धूळ बसली. संध्याकाळी त्या मुक्या डब्यासमोर खुर्ची घेऊन बसायची आणि अंधार पडला की विचारायची, "वाजलं का रे?" मी नाही म्हणायचो. मंजिरी रोज तुळशीपाशी तो श्लोक म्हणायची, तिनेही आईला त्रास नको म्हणून म्हणणं सोडलं. घर असं झालं की पाल चुकचुकली तरी सोबत वाटावी. मला भीती वाटायला लागली. बापाला मारलं, आता आईच्या मागे लागलोय, असं वाटे.

शेवटी मी चिपळूण गाठलं आणि काकांच्या पायाशी बसलो. "मला शिकवा. मीच पुन्हा लिहितो."

"तू? तुला मोबाइलचं घड्याळ लावता येत नाही!"

तरी त्यांनी शिकवलं. चीप पार जुन्या जमान्यातली. तिला लिहायचं यंत्रही जुनं, त्याला लागणारा संगणक त्याहून जुना. तो काकांच्या माळ्यावरून काढला तेव्हा त्यातून झुरळांचं आख्खं कुटुंब स्थलांतरित झालं. चिपेची भाषा म्हणजे नुसते हुकूम. हा आकडा उचल, तिकडे ठेव, एकने कमी कर, शून्य झाला का बघ, नसेल तर मागे जा.

"सगळंच सांगावं लागतं हो याला!" मी म्हटलं.

"तुझ्याच जातीचा आहे. एका वेळी एक काम, तेही सांगितलं तर," काका म्हणाले.

यंत्र, संगणक आणि काकांच्या कपाटातल्या चार जुन्या चिपा घेऊन मी एसटीने घरी आलो. पहिल्या चिपेला मी विजेचा दाब जास्त दिला. ती भाजली. मंजिरीने आतून विचारलं, "पापड करपला का?" दुसऱ्या चिपेत प्रोग्रॅम गेला, पण डबा एकच सूर काढत राहिला, थांबेचना. शेजारी विचारायला आले की कुकर बिघडलाय का. आता चुकलेला प्रोग्रॅम पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. पुसायला काय लागतं? ऊन! आणि बाहेर श्रावण! नको होतं तेव्हा पुसून मोकळा झालो, आता पुसायचं तर आठवडा आठवडा सूर्य नाही. मी गच्चीवर छत्री धरून ढगांकडे बघत उभा राहायचो आणि लोक मंजिरीकडे माझ्या तब्येतीची चौकशी करायचे. शेवटी प्रत्येक चूक एसटीच्या पार्सलने चिपळूणला धाडायची, काका आपल्या जांभळ्या दिव्याखाली ती पुसायचे आणि परत पाठवायचे. सोबत चिठ्ठी असायची. चिठ्ठीत काय असायचं ते इथे छापण्याजोगं नाही.

असं करत करत एकदाची चाल जमली. सूर न् सूर बरोबर! चीप डब्यात बसवली, डबा फडताळावर ठेवला आणि आईला खुर्चीत बसवलं. तिन्हीसांज झाली. पीं पीं सुरू झालं. पहिली ओळ. दुसरी. आई पुढे सरसावली, तोंड उघडलं, तिसरी ओळ आली आणि चाल झकास वर गेली.

आईचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

जन्मभर मुलांच्या पेपरांवर "बरोबर" लिहीत आलोय मी. तो शब्द इतका वाईट असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"अहो, शहाणे की कोण तुम्ही? तुम्हाला ते बरोबर करायला कुणी सांगितलं होतं?" मंजिरी म्हणाली.

म्हणजे आता चूक शिकणं आलं. आयुष्यभर न शिकता केलेली गोष्ट! पण चूक कुठे करायची ते ठाऊक होतं, किती करायची ते नव्हतं. आईने धूळ झटकून पेटी काढली. एक पट्टी दाबली. "हा नव्हे." शेजारची दाबली. "हाही नव्हे. अरे, ह्यांचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडायचा! पेटीत नाहीच तो!"

"मग गाऊन दाखव."

आई गायला बसली. तिसरी ओळ आली आणि तिचा गळा बिनचूक वर गेला. पुन्हा म्हटलं, पुन्हा बिनचूक. जन्मभराचा रियाज, चुकायला तयारच होईना! ती म्हणत राहिली, सूर बरोबर येत राहिला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "विसरले रे मी," ती म्हणाली. "रोज ऐकलं आणि विसरले." मी पेटीचा भाता लावला आणि तिथेच बसून राहिलो.

दिवेलागण झाली होती. मंजिरी दिवा घेऊन तुळशीपाशी गेली. आई आत रडतेय, निदान देवाचं काहीतरी कानावर पडावं म्हणून बिचारीने कितीतरी दिवसांनी तो श्लोक म्हणायला घेतला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी...

"मंजिरी! थांब!" आई इतक्या जोरात ओरडली की मंजिरीच्या हातातली काडेपेटी पडली. "तेच! अगो, तेच! परत म्हण!"

"काय तेच?"

"ह्यांची चूक!"

झालं होतं असं, की मंजिरी लग्न होऊन आली तेव्हा डबा घरात होता. तिने तो श्लोक डब्याकडूनच उचलला, खड्यासकट!

मंजिरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं म्हणतेय?"

"होय गो," आई म्हणाली.

"आणि आई, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

"नवीन सून, म्हटलं कशाला दुखवा. मग सवय झाली. पण मी डब्याला रोज चुकलात म्हणायचे की!"

"तुम्ही अण्णांना सगळ्यालाच चुकलात म्हणायचात! सुराबद्दल म्हणताय हे मला कसं कळणार?"

मग अंगणातच सगळं मांडलं. मंजिरी (तोंड फुगवून) तिसरी ओळ म्हणायची, मी आकडा बदलायचो, आई मान हलवायची. "अजून खाली. नाही, फार नको. ह्यांची चूक बेताची होती." चिपा चिपळूणला जात राहिल्या, येत राहिल्या. गणपती तोंडावर आले असताना एका संध्याकाळी डबा वाजला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी घसरली.

"परत चुकलात!"

खणखणीत! शेजारचा कुत्रा भुंकला. आईने दिवा लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मंजिरी, भूक लागलीय गो." त्या दिवशी तिने भात दोनदा मागून घेतला. मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडून आलो.

एवढ्यावर संपलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. पण माझ्या प्रोग्रॅमातलं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडतं. दसऱ्यापर्यंत तिन्हीसांजेची चाल जेवणाच्या पानावर वाजायला लागली. मी दुरुस्तीला डबा उचलला तर आईने हातावर चापट मारली.

"हात लावशील तर बघ! सूर ह्यांचा चुकतो, तोच सुनेचा चुकतो, वेळ तुझी चुकते. आख्खं घर बसलंय त्यात. राहू दे."

आता आम्ही कधी जेवता जेवता तर कधी झोपेतून उठून दिवा लावतो. चिपेवर मी पट्टीवर पट्टी चिकटवली आहे आणि डबा उन्हापासून लांब, आतल्या खोलीत ठेवला आहे. यंदाच्या मे महिन्यात आंबापोळी उलटायला म्हणून मी गच्चीवर निघालो, तर मंजिरी टोपी घेऊन मागे धावत आली.

"अहो, डोकं झाका आधी! आत आहे नाही तेवढंही पुसलं जाईल!"