टेंबे नावाचं यंत्र

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या एका मित्राला असा ठसका लागला, की त्याच्या शर्टावरचे डाग अजून गेलेले नाहीत. आणि हो, यात गाढव कोण ते शोधत बसू नका. ते मीच!

मी मोकाशी. राहणार कोथरूड, तिसरा मजला. तीस वर्षं सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर होतो. निवृत्त लोकांचे कागद तपासायचे आणि काही कमी असेल तर परत पाठवायचे, हे माझं काम. काही ना काही कमी असायचंच. नसलं तर मी शोधून काढायचो. मग एके दिवशी मीच निवृत्त झालो आणि परत पाठवायला काही उरलंच नाही. बाल्कनीत कुंड्या मांडल्या खऱ्या, पण कढीपत्त्याला 'त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर व्हावे' असं कोण सांगणार?

अशात रुबीनाने मला हाक मारली. रुबीना बागवान म्हणजे धायरीची नर्सरीवाली. माझ्या सगळ्या कुंड्या तिच्याकडच्या. तिने फोनवर 'कुंडीतली बाग' नावाचा ग्रुप काढला होता. फोटो टाका, अडचणी विचारा, असा साधा मामला. पण ग्रुप वाढला, आणि पुण्यातली माणसं एकत्र आली म्हटल्यावर पुढचं काय सांगायला हवं? शेणखत चांगलं की गांडूळखत, यावरून दोन डॉक्टर एकमेकांच्या डिग्र्या काढायला लागले होते.

"काका, दुकान सांभाळून मला हे जमत नाही," रुबीना म्हणाली. "तुम्ही मॉडरेटर व्हा ना. नको ते काढून टाकायचं, बस्स."

नको ते काढून टाकायचं! अहो, निवृत्तीनंतर इतकं गोड वाक्य कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी सतरा नियम लिहून काढले. सुप्रभातची चित्रं काढली. साड्यांच्या जाहिराती काढल्या. एका बाईंनी घरच्या गवारीची भाजी करून तिचा फोटो टाकला होता, तोही काढला. कारण दिलं, 'शिजल्यानंतर झाड हा दर्जा राहत नाही.' त्या बाई माझ्याशी आजही बोलत नाहीत.

आमची ही सगळं बघत होती. म्हणाली, "घरातली फाटकी पिशवी टाकू देत नाही हा माणूस, आणि तिकडे लोकांचं लिहिलेलं खुशाल टाकून देतोय."

आता मुख्य गोष्ट. ग्रुपमध्ये एक सभासद होते, वि. ना. टेंबे. त्यांचा फोटो नव्हता, त्या जागी नुसती करडी आकृती. रोज सकाळी पाच चाळीसला हे हजर, आणि प्रत्येक फोटोखाली एकच शब्द: 'छान.' पुढे न चुकता पूर्णविराम. गुलाब? छान. वांगं? छान. कोणी रिकाम्या कुंडीचा फोटो टाकून 'यात काय लावू?' असं विचारलं, तरी छान!

मी दुर्लक्ष करत होतो. पण एक दिवस सहकारनगरच्या एका बाईंचा पंधरा वर्षांचा मोगरा वाळून गेला. बिचाऱ्यांनी फार मनापासून लिहिलं होतं. सासूबाईंनी लावलेला, मुलीच्या लग्नात याचेच गजरे केले होते, वगैरे. खाली लोक सांत्वन करत होते. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये टेंबे: 'छान.'

झालं! ग्रुपमध्ये आगडोंब उसळला. बाई म्हणाल्या, याला काढा नाहीतर मी जाते.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नुकतंच कुठेतरी वाचलं होतं, की हल्ली ग्रुपमध्ये माणसांच्या नावाने यंत्रं शिरतात. त्यांना 'बॉट' म्हणतात. ठरलेल्या वेळी येतात, ठरलेलं बोलतात. मी लगेच रुबीनाला फोन लावला.

"अगं, टेंबे माणूस नाहीच. यंत्र आहे ते!"

"काका, आधी विचारून तर बघा त्यांना. उगाच कोणाला काढायचं म्हणजे..."

"विचारतो की! रीतसर विचारतो."

आणि मी टेंब्यांना खासगीत पत्र पाठवलं. सवयच ना! 'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपण मनुष्य असल्याबाबतचा पुरावा चोवीस तासांच्या आत सादर करावा, अन्यथा आपले सदस्यत्व कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द करण्यात येईल.'

दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला उत्तर आलं.

'छान.'

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत? मी टेंब्यांना काढलं. त्यांची आजवरची सगळी 'छान' एकेक करून पुसली. दोन दुपारी गेल्या त्यात. मग ग्रुपवर जाहीर केलं, 'सभासदांच्या सुरक्षिततेसाठी एक यंत्र शोधून काढण्यात आले आहे.' काय कौतुक झालं म्हणता! एकाने मला 'ग्रुपचे रक्षक' म्हटलं. ते मी हिला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "रक्षक, गॅस बंद करा. दूध उतू जातंय."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कीर्ती पसरली. सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस आमच्या ग्रुपमध्ये होते. त्यांचा फोन आला, "मोबाइलवरची खोटी माणसं कशी ओळखावीत, यावर आमच्याकडे बोलाल का? पाच म्हणजे पाचला सुरू करतो. मानधन नाही. चहा आहे."

मी गेलो. ठेवणीतला सदरा घातला, आणि टेंब्यांच्या 'छान'चे नमुने मोठ्या अक्षरांत छापून नेले. समोर पन्नासेक मंडळी. मी फलकावर काठी टेकवली.

"हे पाहा! यंत्राची तीन लक्षणं. ठरलेली वेळ, ठरलेला शब्द, आणि भावना शून्य!"

दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. हडकुळे गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे, पांढरा बुशशर्ट.

"प्रश्न शेवटी घेऊ," मी म्हणालो.

"प्रश्न नाही. हरकत आहे." ते काठीच्या आधाराने उभे राहिले. "ते यंत्र मी आहे."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आपण... टेंबे?"

"वि. ना."

"पण मोगरा वाळला तिथे आपण 'छान' लिहिलंत!"

"बाईंनी फोटो फुललेल्या मोगऱ्याचा टाकला होता. मला बारीक अक्षर दिसत नाही, मी फोटो बघतो. मोगरा छान होता."

"आणि मी पुरावा मागितला, त्यावरही 'छान'?"

"ते मुलाकडून वाचून घेतलं. हल्ली इतकं वळणदार सरकारी मराठी वाचायला मिळत नाही. म्हणून दाद दिली." मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. "पुरावा आणलाय. चोवीस तासांची मुदत टळली, त्याबद्दल दिलगीर आहे."

कागद माझ्या हातात आला. हयातीचा दाखला! पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे, असं बँकेला दर नोव्हेंबरात लिहून द्यावं लागतं, तो कागद. अहो, तीस वर्षं मी हेच तर तपासत होतो!

आता शहाण्या माणसाने काय करावं? हात जोडावेत, माफी मागावी, खाली बसावं. पण तो कागद हातात आला आणि माझं काय झालं देव जाणे. आपोआप चष्मा कपाळावर गेला. आपोआप बोट सहीवरून शिक्क्यावर, शिक्क्यावरून तारखेवर फिरलं. आणि भर सभेत, माइकवर, माझ्याच आवाजात मला ऐकू आलं:

"हा तीन वर्षांपूर्वीचा आहे. चालायचा नाही. ताजा आणा."

हो! असं म्हणालो मी! समोर धडधडीत उभ्या असलेल्या माणसाला!

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे टेंबे, तीन वर्षांपूर्वी तुम्ही होतात एवढं नक्की. आजचं बघा बुवा!" सगळं सभागृह खदाखदा हसायला लागलं.

टेंबे हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून तो पाकिटात ठेवला. "बरोबर आहे. आता सगळं यंत्रावर अंगठा लावून होतं, कागद मिळत नाही. पण नियम म्हणजे नियम. ताजा आणतो." आणि चहा न घेता निघून गेले.

चहा मलाही गेला नाही. चिटणीस हळूच म्हणाले, "तुम्ही ग्रुपवर नाव जाहीर केलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं. वहिनी गेल्या आणि त्यांची बाग गेली हो. नंतर मुलाच्या फ्लॅटमध्ये एक खिडकी काय ती वाट्याला आली. सकाळी उठून लोकांची झाडं बघतात. हाताला कंप आहे, एक शब्द उमटवायला दोन-दोन मिनिटं लागतात."

आणि मी ते शब्द दोन दुपारी बसून पुसले होते. खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

रुबीनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, टेंबे आजोबांना परत आणा. तोवर मॉडरेटरचं काम मीच बघते."

मी ग्रुपवर माफी मागितली. टेंब्यांना फोन केला, म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत घेतो तुम्हाला. काही पुरावा नको."

"असं कसं? दाखला नोव्हेंबरात निघतो. आता सप्टेंबर चालू आहे."

मग मोगऱ्याची कुंडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारातच त्यांनी विचारलं, "पुरावा मागणारा अधिकारी अर्जदाराकडे वस्तू घेऊन येतो, त्याला काय म्हणतात हो?" कुंडी मांडीत धरून मी रिक्षाने कोथरूडला परत आलो.

तिकडे ग्रुप सुना पडला. सकाळी फोटो टाकला तर दहा वाजेपर्यंत कोणी फिरकत नसे. शेवटी मोगरावाल्या बाईंनीच लिहिलं, 'टेंब्यांना आणा. पहाटे उठून आपलं झाड बघणारं कोणीतरी आहे, असं वाटायचं.' खाली सगळ्यांनी होकार भरला. आणि माझ्याबद्दल जे लिहिलं ते काढून टाकायची सोय आता माझ्याकडे नव्हती.

नोव्हेंबर लागला. पहिल्याच दिवशी मी टेंब्यांना रिक्षात घालून बँकेत नेलं. नाहीतरी माझाही दाखला द्यायचा होताच. टेबलावर एक तरुण मुलगी आणि अंगठ्याचं यंत्र. टेंब्यांचा हात थरथरत होता, म्हणून मी मनगट धरलं. अंगठा टेकला, आणि यंत्राने एका झटक्यात ओळखलं!

"झालं आजोबा," मुलगी म्हणाली. त्यांनी तिच्याकडून छापील प्रत मागून घेतली, नीट बघितली आणि माझ्यापुढे धरली. "ताजा आहे. तपासून घ्या."

मी न तपासता रुबीनाला फोन केला. तिने त्याच मिनिटाला त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, बँकेतच डोळे पुसले.

मग माझा नंबर. मी अंगठा टेकवला. यंत्रात लाल दिवा.

"पुन्हा लावा, काका."

पुन्हा लाल. बोटं बदलली, हात बदलला, रुमालाने पुसलं, मुलीने दिलेलं क्रीम लावलं. माती उकरून उकरून माझ्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या! मागे रांग वाढत चालली. कोणीतरी म्हणालं, "अहो, होणार नसेल तर बाजूला तरी व्हा."

मुलगी वैतागली. "काका, तुमची ओळखच पटत नाहीये. इथे कोणी ओळखतं का तुम्हाला?"

टेंबे काठी टेकत पुढे आले. मला डोक्यापासून चपलेपर्यंत सावकाश न्याहाळलं आणि मुलीकडे वळले.

"मी ओळखतो. माणूस आहेत," ते म्हणाले. "पटकन लक्षात येत नाही, एवढंच."